पांढरी पुडी

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. डॉक्टर गेले, त्यांचा येडशीतला दवाखानाही गेला. आता भीड कुणाची धरायची?

ती पायरी चढून आली की माझ्या टेबलावरचे पुड्यांचे कागद फुंकून उडवायची. "बघा मामा, दम हाय का न्हाय!" मी तिथला कंपौंडर. कागद गोळा करत ओरडायचो, ती हसायची.

धनगराची पोर. लहान असताना बापानं खांद्यावर टाकून आणली, तेव्हा दम्यानं तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी नव्यानंच आलेल्या गोळ्या दिल्या. आमची रीत अशी, की गोळी कुटून पुडी बांधायची आणि औषधाचं नाव सांगायचं नाही; नाव कळलं तर रोगी परस्पर दुकानात जाईल. आठवड्यात पोर पळायला लागली. आठवड्याचं औषध मग वर्षानुवर्षं चाललं.

तिचा चेहरा गोल झाला. "पोर कशी गुटगुटीत झाली!" म्हणत आई दृष्ट काढायची. या शब्दाचा मला आजही संताप येतो. ती सूज होती! उंची खुंटली होती, बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली तरी तिला न्हाण आलं नव्हतं.

"शरीरातल्याच एका रसासारखं औषध आहे," डॉक्टर एकदा सहज बोलले. "वाढत्या वयात फार दिलं की हाडं भरत नाहीत."

"मग थांबवायचं का?"

"थांबव की! मग उद्या ती पलीकडच्या दवाखान्यात जाईल, आपलं गिऱ्हाईक तुटेल."

मी पुढची पुडी बांधली.

विशीत घागर उचलताना तिचं मनगट मोडलं. मग मेंढराची धडक बसून खुबा. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात मीही सोबत गेलो. तिथले डॉक्टर चक्रावले. "ही तर म्हातारीची हाडं! लहानपणापासून औषध कसलं चालू होतं?"

"पांढरी पुडी," ती म्हणाली. "मामास्नी इचारा, त्यास्नी ठावं."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मला माझी नोकरी दिसली.

"साधी, खोकल्याची," मी म्हणालो.

ती पुन्हा चालली नाही. एकदा वाटभर वाक्य घोकत तिच्याकडं गेलो. घोंगडीवर पडल्या पडल्या तिनं हात पुढं केला. "आणलीसा व्हय पुडी? तुमच्या पुडीनंच जगले बघा."

मी खिशातून पुडी काढून दिली. ती तोंडात टाकून तिनं कागद फुंकला. तो जागचा हलला नाही. "न्हाय उडला," म्हणून हसली.

पुढच्या खेपेला सांगू म्हणून उठलो. पुढची खेप तिच्या मातीला झाली. "पोरी, या पुडीनंच तुझी हाडं खाल्ली, मला माफ कर." एवढंच म्हणायचं होतं.