शाल्मलीच्या घरी मी उशिरा गेले

शाल्मली गेल्याचा फोन आला तेव्हा मी केबिन रोडवरच्या एका दुकानात ब्लाउजपीस निवडत होते. फोन मुर्धा गावातल्या तिच्या शेजारणीचा, हिराबायचा. झोपेतच गेली म्हणे. माझा चेहरा बघून दुकानदाराने विचारलं, "क्या हुआ, भाभी?" आणि माझ्या तोंडून निघालं, "पहचान की थी कोई..." शाल्मली माझी सख्खी धाकटी बहीण होती. दीड महिना झाला, ते वाक्य अजून कानातून जात नाही.

आईबाबांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. तेविसाव्या वर्षी तिने घरात सांगितलं की मी शाल्मली आहे, आणि बाबांनी तिला जेसल पार्कच्या घरातून बाहेर काढलं. मी आतल्या खोलीत उभी होते, बाहेर आलेच नाही. मुर्ध्यात खोली घेऊन ती दिवसभर एका छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि पहाटे उठून लिहायची. पहिली कादंबरी चार प्रकाशकांनी परत पाठवली. एकाने तर सुचवलं, हे राहू द्या, स्वतःची कहाणी लिहा, ती खपेल. ती ऐकेना. मिठागरात राबणाऱ्या दोन जावांची गोष्ट होती ती, आणि तिला तीच सांगायची होती. शेवटी एका छोट्या प्रकाशकाने छापली. दुसऱ्या कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला.

आमच्या सोसायटीतल्या लोकांनी तिचा सत्कार करायचं ठरवलं. नेमकं तेव्हाच माझ्या मुलीचं लग्न जमत होतं. मुलीच्या सासरच्यांना काय वाटेल, या भीतीने मी कमिटीला परस्पर सांगून टाकलं की तिला असलं काही आवडत नाही. ते तिच्या कानावर गेलंच. तिचा फोन आला तेव्हा मी सारवासारव करू लागले, तर शांतपणे म्हणाली, "ताई, मला सांगायचंस ना. मीच नाही म्हटलं असतं. तुला खोटं तरी बोलावं लागलं नसतं."

लग्नाला मी तिला बोलावलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तिची खोली आवरायला मुर्ध्याला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर तिसऱ्या कादंबरीचे कागद होते, पहिलीतल्याच दोन जावांची पुढची गोष्ट. हिराबाय दारात येऊन बसली. ती मासळी विकते, तिला वाचता येत नाही. तिच्याकडूनच कळलं, की शाल्मली लिहिलेलं सगळं रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायची. हिराबायला जिथे कंटाळा यायचा, ते पान दुसऱ्या दिवशी नव्याने लिहायची. दोन्ही कादंबऱ्यांमधली माणसं हिराबायला घरच्यासारखी ठाऊक होती. मी एकही वाचली नव्हती... तसं मी तिला सांगितलं. ती कागदांकडे बोट करून म्हणाली, "शेवटचा भाग ऐकायचा ऱ्हायलाय माझा. वाच."

मी तिच्यासमोर बसून वाचायला लागले. अर्ध्या पानातच तिने हात वर केला.

"असं न्हाय. हलू वाच. धाकटी जाव बोलायला लागली का शाल्मली जराशी थांबायची."

मी पानाच्या सुरुवातीला परत गेले. आणि धाकटी बोलणार, तिथे थांबले.