बिनचेंडूचा खेळ

हेमंतच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी बोईसरला कंपनीच्या बसची वाट पाहत उभी होते. जुन्या सवयीने म्हटलं, "काय रे, हरलास?" पलीकडे कुणीतरी परक्याने घसा खाकरला... टेनिस शिकवताशिकवताच माझा धाकटा भाऊ कोर्टवर कोसळला होता.

जीभ माझी तिखट, हे अख्ख्या घिवली गावाला ठाऊक. हेमंत व्यावसायिक टेनिस खेळायचा, पण क्रमवारीच्या पार तळाशी. कुठल्याकुठल्या गावी जायचा, पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळायचा आणि "ताई, हरलो" म्हणून फोन करायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, हरायला एवढं लांब कशाला जायचं, ते घरबसल्याही जमेल. तो हसला. पण त्यानंतर एकाही स्पर्धेला गेला नाही. तारापूरकडच्या एका वसाहतीत मुलांना शिकवू लागला. माझ्या बोलण्यामुळे सोडलंस का रे, एवढंच विचारायचं होतं. वर्षानुवर्षं ओठांवर आलेलं गिळलं. आता कुणाला विचारू?

दिवसकार्य उरकल्यावर त्याचं सामान आणायला त्या वसाहतीत गेले. ऊन उतरलं होतं. कोर्टवर त्याची एक विद्यार्थिनी खेळत होती. समोर कुणी नाही, आणि चेंडूही नाही! लाल मातीत बुटांची खरखर तेवढी. ती धावायची, रॅकेट फिरवायची, मग पलीकडून काही येण्याची वाट पाहायची... आणि ते नेमकं यायचं. तिच्या नजरेबरोबर माझीही मान हलू लागली तशी मी चरकले. लहानपणी हेमंत आमच्या चिकूच्या वाडीत अस्साच एकटा खेळायचा. आईने मीठमिरच्या ओवाळल्या, शेवटी भगताकडे नेलं. भगत म्हणाला, "याला काय झालं नाय. समोर कोण हाय ते बघा." कित्येक दिवस आम्ही त्या वाडीत पाऊल टाकलं नव्हतं.

इतक्यात ती स्वतःशीच "आऊट" म्हणाली आणि थांबली. सरांनीच असं शिकवलंय, आपला फटका बाहेर गेला तर आपणच सांगायचं, असं तिने मला समजावलं. बोलता बोलता मी जाळीपाशी पोचले होते. कुणाशी खेळतेस गं, मी विचारलं.

"सरांशी."

अंगावर सर्रकन काटा आला. तरी राहवेना. कोण जिंकतंय, म्हटलं.

"सरच. त्यांना कोण हरवनार?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. पलीकडे बघत, गुडघे वाकवून ती तयार उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा ना. सरांची सर्व्हिस हाय, तुमी मधे आलात."

मी बाजूला झाले.