कुडापलीकडच्या तलंगा

हसायचं न्हाई, हे आधी कबूल करा, मंग सांगते. चहा घेत घेत ऐका. गोष्ट जरा लांब हाये अन् तिच्यात माझी अब्रू जाते.

मी अंगणवाडीची बाई. कुंभार पिंपळगावात अठरा वर्षं झाली. गावातली निम्मी तरणी पोरं माझ्यापुढं नाक पुसत गाणी म्हणून गेलीत. कसलंही रडकं लेकरू द्या, पाच मिनिटांत हसतं करून देते. आता अशा बाईला बारा कोंबड्या रमवता येऊ नयेत? तुम्हीच सांगा.

झालं असं. आमचं अन् माझ्या धाकट्या दिराचं घर शेजारी शेजारी. मधी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड. धाकटी जाऊ संगीता, लग्नाला चार वर्षं झालेली, हळू बोलणारी, कुणी काही म्हणलं तरी मान हलवणारी. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. त्यांचं जेवण दोन्हीकडं, पण बाज माझ्या दारातल्या कडुलिंबाखाली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. बाज माझ्याकडं.

दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी एक कोंबडीवाला आल्ता. आम्ही दोघींनी त्याच्याकडनं बारा-बारा तलंगा घेतल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. थोरली म्हणून मी आधी निवडल्या. डोळे बघून, पाय बघून, पंख फाकवून. उरलेल्या संगीताच्या वाट्याला गेल्या. त्यातली एक ठिपक्यांची तर चक्क लंगडत होती. मी मनात म्हणलं, जाऊ द्या, तिला काय कळतंय.

गावात कुत्री अन् मुंगसं लई, म्हणून दोघींनी अंगणात जाळी मारून खुराडी केली. तिचं कुडाला लागून पलीकडं, माझं अलीकडं. माझं खुराडं म्हणजे पाहुण्यांना दाखवावं असं. खाली फरशी, दोन वेळा झाडू, पाण्याचं भांडं लख्ख. झाडाचं एक पान खाली पडलं तरी मला सहन होत नव्हतं. उचलायची अन् टाकायची. कुठं टाकायची? आता तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू, कुडापलीकडं. कडुलिंब माझा, पाला तिला.

महिनाभरात माझ्या तलंगा मरगळल्या. कोपऱ्यात उभ्या राहायच्या अन् एकमेकींच्या शेपटीची पिसं उपटायच्या. दोघीतिघी मागून पार उघड्या पडल्या. अन् पलीकडं? दिवसभर खरखर, फडफड, अन् संगीताचं हसू. एकाच माणसाकडनं, एकाच दिवशी घेतलेल्या कोंबड्या. माझ्या निवडून घेतलेल्या, तिच्या उरलेल्या. माझा जीव कसा जळत असंल?

जनावराच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एकेक उचलून बघितली अन् म्हणले की आजार काही न्हाई, ह्या कंटाळल्यात. रिकामं माणूस जसं दुसऱ्याच्या कुरापती काढतं तसं चाललंय. ह्यांना दिवसभर काहीतरी उद्योग द्या, कोबीचा गड्डा टांगा, बसायला फांद्या लावा, जरा रमवा. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "बाई, तुम्ही अंगणवाडीतच आहात ना?"

तेवढं वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं.

मंग मी पदर खोचला. म्हणलं, रमवायचंच हाये ना? मला शिकवता? खुराड्यात रंगीत चेंडू सोडले. खुळखुळे बांधले. जाळीला फळांचा तक्ता लावला, सफरचंदापासून सीताफळापर्यंत. फुगे टांगले. पहिला फुगा फुटला तसा बाराच्या बारा जणी एका कोपऱ्यात एकीवर एक चढल्या, अन् दुपारपर्यंत उतरल्या न्हाईत. आरसा लावला तर त्यांच्यातली एक स्वतःलाच टोचे मारून मारून चोच सुजवून बसली. कोबीचा गड्डा टांगला, पण खाली चुरा पडून फरशी घाण होईल म्हणून असा उंच टांगला की तो कुणाला पुरंना. दोन दिवस बारा जणी मान वर करून त्याच्याकडं बघत राहिल्या. पुढाऱ्याच्या भाषणाला पण लोक एवढं लक्ष देत न्हाईत.

मी गाणीही म्हणली. हातवारे करून. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. मंग आत गेले अन् दार लावून घेतलं.

अन् मंग एक दिवस अंगणवाडीतून घरी आले तर कडुलिंबाखाली बाज न्हाई.

बाज कुडापलीकडं. आत्याबाई तिच्यावर पाय पसरून बसलेल्या अन् संगीताच्या कोंबड्या बघून पोट धरून हसून राह्यल्या. माझ्या घरात टीव्ही हाये हो, मोठा. त्यांची रोजची मालिका लागायची वेळ झालेली. मी इकडून आवाज वाढवला. त्यांनी वळून पण बघितलं न्हाई.

त्या दिवसापासून माझ्या तोंडाची चव गेली. संगीतानं वाटीत पिठलं पाठवलं, मला ते कडू लागलं. आमचे हे तिकडं पाना मागायला गेले अन् तासानं आले, तेही पाना विसरून. विचारलं तर म्हणले, त्या लंगडीची मजा बघत बसलो, ती संगीताच्या खांद्यावर चढते. मी कुडाच्या फटीला डोळा लावून बघायला गेले, तर पऱ्हाटीची काडी डोळ्यात गेली. चार दिवस डोळा लाल. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईला सांगितलं, चिलट गेलं.

भांडावं म्हणलं तर संगीता भांडायला तयार न्हाई. मंग मी काय करावं? माझा सगळा राग कचऱ्यात गेला. आधी नुसता पाला टाकायची, आता भाजीचे देठ, शेंगांची टरफलं, सगळं पाटीनं कुडापलीकडं. पोत्याच्या तळाची किडलेली ज्वारी होती, आळ्या वळवळणारी, ती ओतली. मागच्या खोलीची वाळवी लागलेली चौकट होती, ती आमच्या ह्यांना म्हणलं उचलून टाका. ते म्हणले, अगं तिच्या खुराड्यात पडंल. मी म्हणलं, पडू द्या. वाटलं, आता तरी कुडाशी येऊन चार शब्द बोलंल. एक शब्द न्हाई. उलटं पलीकडं कोंबड्यांचा जत्रेसारखा कालवा.

मंग माझ्या डोक्यात ते शिरलं. एकदा शिरलं की निघत न्हाई बघा. मला वाटलं, ह्या कोंबड्या बदलल्यात. मी दिवसभर अंगणवाडीत, घर उघडं. माझ्या निवडलेल्या तिनं उचलल्या अन् स्वतःच्या मरतुकड्या माझ्याकडं सोडल्या. रंग तर सगळ्यांचे सारखेच, तांबडे. ओळखणार कोण? ठिपक्यांची ती लंगडी तेवढी वेगळी, ती तिनं मुद्दाम ठेवली, संशय येऊ नये म्हणून. बघा कसं जुळवलं मी.

आमच्या अंगणात बचत गटाच्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यापुढं मी आत्याबाईंना गाऱ्हाणं घातलं. नाव न घेता सुरुवात केली अन् नाव घेऊन संपवलं. संगीताचं तोंड उतरलं. ती हळूच म्हणली, "अक्का, तुम्हाला तसं वाटत असंल तर सगळ्या तुमच्याकडं घ्या. तुमच्या मला द्या. कोंबड्याच तर हायेत."

मी एका शब्दानं नको म्हणले न्हाई. तिथल्या तिथं अदलाबदल झाली. ठिपक्यांची लंगडी माझ्या हातात देताना संगीतानं तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला अन् डोळे पुसले. ते बघून मला जरा कसंतरी झालं. पण खरं सांगते, जरासंच. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आत्याबाईंची बाज पुन्हा कडुलिंबाखाली आल्ती. मी त्यांना दोन कप चहा दिला. फरशी तीनदा झाडली. पाटी भरून पलीकडं रिकामी केली अन् म्हणलं, जिंकले.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी नव्या तलंगा कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. सातव्या दिवशी लंगडीची शेपटी गेली. आठव्या दिवशी पलीकडून खरखर, फडफड सुरू. माझ्याच त्या मरगळलेल्या, मागून उघड्या कोंबड्या तिकडं एवढाले खड्डे खोदून त्यात लोळून राह्यल्या. त्यांना नवी पिसं फुटलेली फटीतून मला दिसली. ह्या वेळी चष्मा लावून बघितलं.

नवव्या दिवशी बाज गेली.

त्याच आठवड्यात डॉक्टर आले, गटाच्या बायकांना घेऊन. बिनखर्चाचं चांगलं खुराडं कसं असतं ते दाखवायला. कुणाचं? संगीताचं. मी जाणार नव्हते, पण न जावं तर लोक म्हणतील जळते. म्हणून जळत जळत गेले.

त्या जाळीच्या आत मी पहिल्यांदा नीट बघितलं. खाली ढीगभर पाला, गुडघाभर. त्यात तलंगा पाय मारून मारून दाणे हुडकून राह्यल्या. एकीला अळी सापडली की बाकीच्या तिच्यामागं पळायच्या. मधी आडवी टाकलेली एक चौकट, तिच्यावर चौघी ओळीनं बसलेल्या, अन् दोघी तिच्यातली वाळवी वेचण्यात गुंग. डॉक्टर बायकांना समजावून सांगत होते की कोंबडीला खेळणं लागत न्हाई, तिला उकरायला काहीतरी लागतं, अर्धा दिवस उकरण्यात गेला की ती दुसरीच्या वाटंला जात न्हाई. मंग त्यांनी संगीताला विचारलं की हे तुला कुणी शिकवलं.

ती लाजली. माझा हात धरून तिनं मला सगळ्यांच्या पुढं ओढलं.

"मला कुठलं काय येतंय. हे सगळं अक्काचं हाये. रोज सकाळी न चुकता पाटीभर पाठवतात. किड्यांची ज्वारी, वाळवीची चौकट, कोंबड्यांना काय लागतं ते त्यांनाच बराबर कळतं. कोंबड्या बदलल्या, माझ्यावर रागावल्या, तरी एक दिवस खंड न्हाई पडू दिला."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा असंल म्हणून नीट बघितलं. टोमणा नव्हता हो. तोच तर वांधा झाला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणले, बाई, मी उगाच तुम्हाला शिकवायला निघालो होतो. आता चला, तुमचं स्वतःचं खुराडं बघू, ते तर याच्याहून भारी असणार.

मी म्हणलं, आज राहू द्या, उन्हं झाली. कोण ऐकतंय? सगळी वरात माझ्या अंगणात. लख्ख फरशी. जाळीवर सीताफळ. एक वाचलेला फुगा. वर कोबीचा वाळलेला गड्डा, अन् खाली बारा तलंगा, मागून उघड्या, मान वर करून.

डॉक्टरांनी एकदा कुडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मंग चष्मा पुसत त्यांनी विचारलं की दुसऱ्याच्या खुराड्याची एवढी काळजी, मंग स्वतःचं असं कसं?

माझ्याआधी संगीतानंच उत्तर दिलं, मोठ्या कौतुकानं.

"आमच्या अक्का तशाच हायेत. त्यांचं ध्यान कायम दुसऱ्याकडं."

लोक गेल्यावर मी आत्याबाईंच्या बाजेवर जाऊन बसले. पलीकडं, संगीताच्या अंगणात. पहिल्यांदाच. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, त्यांना हे ठाऊक नसंल असं कसं होईल? मी जरा रडवेली होऊनच विचारलं की तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं, मी गाणी म्हणत होते, फुगे बांधत होते, बायकांपुढं नको ते बोलले, तरी तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं न्हाई?

आत्याबाईंनी पानाला चुना लावला. माझ्याकडं न बघता म्हणल्या, "सांगितलं असतं, रत्ना. पण मंग तू पाटी पाठवायची बंद केली असतीस."

मी 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं. अन् तसंच मिटलं.