मामीचा उरलेला अर्धा सिनेमा

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. छत्तीस वर्षं हेच काम केलं, आणि एकाही लिफ्टबद्दल त्याचं मत चांगलं नाही. माणसांबद्दल थोडं बरं आहे, पण तेही माणूस लिफ्टमध्ये अडकलेला असला तरच. अडकलेला माणूस निदान सांगितलेलं ऐकतो, असं तो म्हणायचा.

कामावर सगळे त्याला 'मेनस्विच' म्हणायचे. शिकाऊ असताना त्यानं डोळ्यांदेखत एक अपघात पाहिला होता. वर मशीनमध्ये मेस्त्री हात घालून बसलेला, आणि खाली कुणीतरी शहाण्यानं बटण चालू केलं. मेस्त्रीची दोन बोटं गेली. तेव्हापासून मामानं कानाला खडा लावला. मशीनला हात लावायचा तर आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून शर्टाच्या खिशात. जागेवरून उठायचं तरी तेच, अगदी पाणी प्यायला जायचं असलं तरी. निवृत्त झाल्यावर लिफ्ट सुटली, सवय सुटली नाही. आता ती घराच्या मानगुटीवर बसली. घराबाहेर पडताना आणि झोपायच्या आधी तो स्टुलावर चढून सगळ्या घराचा मेन स्विच पाडतो. फ्रिजला त्यानं स्वतः वेगळी लाइन ओढून दिली आहे, म्हणून दूध तरी टिकतं.

मामी बटणांच्या कारखान्यात तपासणीला होती. पुढ्यातून बटणं सरकत जायची आणि केसाएवढी चीर असलेलं बटण ती बोलता बोलता बाजूला काढायची. एवढी वर्षं तिच्या हातून एकही वाईट बटण सुटलं नाही, असं ती सांगते, आणि माझा त्यावर विश्वास आहे. तिच्या हातून मामाचीही एकही चूक सुटलेली नाही.

त्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्धा सिनेमा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघं सिनेमाला गेले. मध्यंतरात थिएटरचा माणूस शोधत आला की एका इमारतीत चार माणसं लिफ्टमध्ये अडकलीत, कंपनीतून फोन आहे. मामा उठला, आणि एकटी कशी बसेल म्हणून तिलाही उठवून घेऊन गेला. चार माणसं सुटली. मामी अडकली ती कायमची. पुढची चाळीस वर्षं कुठल्याही भांडणात ती तिथेच येऊन पोचायची. पडद्यांच्या रंगावरून वाद सुरू झाला तरी शेवट ठरलेला: "तुम्ही काय बोलता, मला अर्ध्या सिनेमातून उठवून आणलंत." एवढं झालं की मामा ब्र काढायचा नाही.

त्याची बोच मामाला खरोखर होती. सिनेमांच्या डिस्का बाजारात आल्या तेव्हा तो दर पगाराला दुकानात जाऊन त्या सिनेमाची चौकशी करायचा. त्याची डिस्क कधी निघालीच नव्हती. रिकाम्या हातानं परतायचं कसं, म्हणून दुसरी कुठलीतरी घेऊन यायचा. असं करत करत एक अख्खं कपाट भरलं.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामीचा उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावा आणखी चार-सहा महिने साथ देईल. तिला समोरचं मधलं दिसत नाही, धुकं असतं. कडेचं दिसतं. म्हणून ती हल्ली कुणाशीही मान तिरकी करून बोलते आणि नवीन माणसाला वाटतं, बाई रागावली आहे.

त्या संध्याकाळी मामा माझ्या औषधांच्या दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत काउंटरपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "तिचे डोळे आहेत तोवर त्या सिनेमाचं काहीतरी कर."

मी केलं. तीच माझी चूक. शोधता शोधता कळलं की एक कंपनी टीव्हीला जोडायचा डबा विकते, त्यावर घरबसल्या सिनेमे उतरवून घेता येतात, आणि त्यांच्या यादीत हा सिनेमा होता. मला इतका आनंद झाला की मी मामाला भाषणच दिलं. आता डिस्का विकत घ्यायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत, ओरखडे नाहीत. यादीतून निवडायचं, बटण दाबायचं, संपलं. मामानं विचारलं, "बिघडला तर उघडायचा कुठून?" त्याला एकही स्क्रू नव्हता. मामाच्या मनातून तो डबा तेव्हाच उतरला.

साबणाच्या वडीएवढा तो डबा जोडायला मला अख्खा रविवार लागला. त्याला आधी ईमेल हवा होता. मग पासवर्ड हवा होता. तोही साधासुधा चालेना. प्रत्येक अक्षरापर्यंत रिमोटचा बाण टकटक करत न्यायचा, आणि एक चुकलं की सगळं पहिल्यापासून. मामी मान तिरकी करून विचारत होती, सुरू झाला का? मी पाच वेळा 'होतोय' म्हणाले, सहाव्यांदा तिच्यावर खेकसले. अखेर सिनेमा सापडला, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं की उतरायला अकरा तास लागतील. ठीक आहे म्हटलं, उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी शून्य टक्के. पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी शून्य. कंपनीला फोन केला. अर्धा तास पेटीची धून ऐकवल्यावर एक बाई आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की डबा बंद करून परत चालू करा. तसं केलं. चौथ्या दिवशी शून्य. मी वायर बदलली, इंटरनेटवाल्याशी भांडले, डबा बदलून आणला. कंपनीचा माणूस घरी आला, दोन तास बसला. त्याच्यासमोर डबा गुणी बाळासारखा चौदा टक्क्यांपर्यंत गेला. तो जिना उतरला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा शून्य. दुकानात माझं लक्ष लागेना. एका आजोबांना मी खोकल्याऐवजी पोटाचं औषध देता देता राहिले. इकडे मामीचा डॉक्टर म्हणत होता की डाव्या डोळ्यातही पाणी धरू लागलंय.

दहाव्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. मामीचे डोळ्यांत घालायचे थेंब आणायला तिघं निघालो. मी चपला घातल्या आणि मागून खाट्‌ असा आवाज आला. वळून बघते तर मामा स्टुलावरून उतरत होता. डब्याचा निळा दिवा विझलेला.

मी कपाळाला हात लावला. दहा दिवस! त्या बाईंनी, त्या माणसानं, मी, सगळ्यांनी डोकेफोड केली, आणि हा रोज झोपायच्या आधी शांतपणे मेन स्विच पाडत होता. लाइट गेली की तो डबा अर्धवट उतरलेलं सगळं टाकून पहिल्यापासून सुरू करायचा. मी तोंडाला येईल ते बोलले. मामानं ऐकून घेतलं.

"चालू यंत्र सोडून मी उठत नाही," तो म्हणाला.

"त्यात काय बोटं जाणारेत तुझी?"

"मी उठत नाही म्हणजे नाही."

मग तुझ्या बायकोनं आंधळं होईपर्यंत वाट बघायची का, असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. मामी तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामानं खुर्ची डब्यासमोर ओढली आणि बसला. उठायचं नाही तर बसून राहायचं, एवढं साधं उत्तर होतं त्याच्याकडे. जेवण खुर्चीतच. आंघोळ नाही. फार नड आली तेवढ्यापुरतं मामीला खुर्चीत बसवून गेला आणि धावत आला. संध्याकाळी सव्वासहाला फोन आला: "शंभर." मी भर दुकानात टाळी वाजवली.

शनिवारी दुपारी तो सिनेमा लावला. मी सुचवलं की मध्यंतरापर्यंत पुढे ढकलू, राहिलेलाच भाग बघू. मामी ऐकेना, यांना सुरुवातीचं काही आठवत नसेल, पहिल्यापासूनच लावायचा. टीव्हीपासून दोन हातांवर खुर्ची, मान तिरकी, दर पंधरा मिनिटांनी डोळे मिटून विसावा. अशानं मध्यंतर यायला संध्याकाळ झाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. राहिलेला परवा बघू, ती म्हणाली. रविवारी डोळ्यात इंजेक्शन होतं. मी घरी जाताना स्वतःवर बेहद्द खूश होते.

सोमवारी पुन्हा तिघं बसलो. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'या चित्रपटाची मुदत संपली आहे.'

एकदा सुरू केला की चोवीस तासांत संपवायचा, नाहीतर डबा तो पुसून टाकतो. हे अटींमध्ये लिहिलेलं होतं. त्या अटींखाली 'वाचलं, मान्य आहे' ही खूण मीच केली होती. दिवसभर दुकानात लोकांना बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवणारी मी. मामाला मेन स्विचवरून एवढं बोलले होते, आता मला कुणी बोलावं?

पुन्हा उतरवू म्हणून यादी उघडली तर सिनेमा यादीतच नाही. फोन लावला. त्याच बाई. त्यांनी सांगितलं की त्या चित्रपटाचा करार महिनाअखेरीस संपला, आता तो मिळणार नाही. मी त्यांच्यावर इतकी ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू येईना. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की आणखी काही मदत करू का. मी फोन आपटला.

मामा उठला होता. हत्यारांची पिशवी काढून तो बिनस्क्रूच्या डब्याला कुठून पाचर मारता येईल ते बघत होता.

"अहो, ठेवा तो," मामी म्हणाली. "मी बघितलाय तो सिनेमा."

मामाचा हात थांबला. "पहिला अर्धा."

"सगळा. त्याच आठवड्यात. कारखान्यातली पाळी सुटल्यावर गेले होते, माझ्या बाजूच्या टेबलावरच्या बाईला घेऊन."

दहा दिवसांचे शून्य टक्के माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मग एवढी वर्षं ते काय चाललं होतं, मी विचारलं. मामी म्हणाली, टोमणा मारायला बरा पडायचा. दुसऱ्या कशानंच हे गप्प बसत नाहीत.

मामा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "चाळीस वर्षं मला लागून राहिलं होतं ते."

"लागायलाच हवं होतं," मामी म्हणाली. "शेवटाला मी इतकी रडले, आणि शेजारच्या खुर्चीत कोण, तर ती बाई. तुम्ही लिफ्टवर. त्यानंतर कितीदा मनात आलं, तुम्हाला एकदा तो शेवट दाखवावा. सिनेमा मला नव्हता हो बघायचा. तो बघताना तुमचं तोंड कसं होतं, ते बघायचं होतं मला. दिसतंय तोवर."

मला राग आला होता. कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. डब्याचा, फोनवरच्या बाईंचा, करार करणाऱ्यांचा, माझा. मामीचाही. पहिल्या दिवशी एवढं एक वाक्य बोलली असती तर मी शनिवारीच सिनेमाचा शेवट लावला असता, अटी दहादा वाचल्या असत्या, काहीही केलं असतं.

मामानं पिशवी खाली ठेवली. टीव्हीसमोरची खुर्ची उचलली आणि मामीपुढे आणली.

"कुठे बसू म्हणजे दिसेन?"

"जरा डावीकडे. अजून. हं, आता मागे."

"आता?"

"आता दिसताय."

"मग सांग," मामा म्हणाला. "मध्यंतरानंतर काय होतं?"

ती सांगायला लागली. कोण कुठून आलं, कुणी कुणाला काय म्हटलं, साडीचा रंगसुद्धा. मामा मध्येच विचारायचा की पण त्याला हे कळलं कसं, आणि ती म्हणायची की थांबा हो, येतंय. तासभर तरी चाललं असेल. शेवट आला तेव्हा मामा रडला की नाही, ते मला सांगता येणार नाही, कारण मी मामीकडे बघत होते. ती बोलायची थांबली होती आणि मान तिरकी करून, पापणी न लववता, त्याच्याकडे बघत होती.