दुपट्टा भिजवू नको

पाण्यात उतरण्याआधी सदबा खांद्यावरचा दुपट्टा काढत, त्याची नीट घडी घालत आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या हातात देत. "धर. भिजवू नको," एवढंच म्हणत. मुलगा म्हणजे गोपाळा, तिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप. तलावाच्या पाळीवर बापाचा दुपट्टा धरून उभं राहणं, हेच त्याचं काम. मी त्यांच्या शेजारच्या घरात नवी सून होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात सदबा पाणकर होते, म्हणजे तलावाचं पाणी धानाला सोडणारे. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्याखाली, दगडी तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी होती. पावसाने दडी मारली की बुडी घेऊन तुडमाच्या भोकातला लाकडी दट्ट्या उपसायचा, मग पाणी पलीकडच्या पाटात धावायचं. दट्ट्या निघाला रे निघाला की पाणी त्या भोकाकडे जोराने ओढ घेई. त्या ओढीतून हात कसा सोडवायचा हे एकट्या सदबांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणालाही शिकवलं नव्हतं.

स्वभावच तसा. दुसऱ्याच्या हातावर म्हणून भरवसा नाही. आमच्या छपराचे कवेलू फेरायला माणूस लावला, तर शेजारून येऊन सदबा वर चढले आणि त्याने बसवलेले कवेलू पुन्हा बसवत सुटले. गोपाळाने बैल बांधला की सदबा उठून ती गाठ सोडत आणि स्वतःची मारत. "राहू द्या ना, मामाजी," मी म्हणे. सासऱ्यांच्या वयाचे म्हणून मी त्यांना मामाजीच म्हणायची. "काऊन बाई? मी आहो ना!" हे उत्तर ठरलेलं.

या 'मी आहो ना'वर सगळं गाव निवांत झोपत होतं. मीही. माझ्या पहिल्या बाळंतपणात नाल्याला पूर होता, तेव्हा सुईणबाईला खांद्यावर बसवून त्यांनीच पार केलं होतं. माझा त्यांच्यावर फार जीव होता. फक्त त्यांची बायको काशीबाई एकदा दळताना जातं थांबवून म्हणाली, "याहिच्या हातानं सारं चालते, पोरी. हा हात राह्यला, त मंग?" ती पुन्हा दळू लागली.

त्या वर्षी पावसाळाभर सदबा खोकत होते. भादव्यात एकदा बुडी मारून वर आले ते उजव्या हाताची सालपटं काढूनच. मी हळद लावत होते, तर हसून म्हणाले, "तुडूम आता हात धरून राह्यलं, बाई. जुनी ओळख आहे ना!" मला मात्र हसू आलं नाही. पुढे धान गर्भात आलं आणि पाऊस गेला तो गेलाच. बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या. पाणी सोडलं नाही, तर वर्षाचं अन्न हातचं जाणार होतं.

सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. चढ चढतानाच सदबांना धाप लागली होती.

"बाबा, यंदा मी उतरतो. तू वरून सांग," गोपाळा म्हणाला.

"तुले नाई जमत."

"शिकवलं त जमन ना!"

"मी मेलो का? मी आहो ना!" सदबांनी दुपट्ट्याची घडी घातली. "धर. भिजवू नको."

ते खाली गेले. जरा वेळाने पाटात खळखळ सुरू झाली. "सुटलं! सुटलं!" करत लोक फावडी घेऊन आपापल्या बांध्यांकडे पळाले. आमचे हेही पळाले. मी घागर घेऊन तिथेच उभी होते. तलावाचं पाणी संथ होतं आणि गोपाळा त्याकडे टक लावून बघत होता. पाटाचा आवाज वाढत गेला. आणखी थोडा वेळ गेला, तेव्हा मी किंचाळले.

माणसं मागे धावली. पाच-सहा जणांनी उड्या टाकल्या. पण भोक नेमकं कुठे, हात कुठून घालायचा, पाणी थांबवायचं कसं, यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. ते चाचपत राहिले आणि तिकडे धान पोटभर पाणी पीत राहिलं. दुपार कलल्यावर सदबा हाताला लागले. उजवा हात तुडमातच अडकला होता.

त्यांना पाळीवर आणून निजवलं. अंगावर पांघरायला काही नव्हतं. गोपाळा सकाळी उभा होता तिथेच, दुपट्टा छातीशी धरून उभा होता. काशीबाई त्याच्याजवळ गेली. "आण रे तो. बापाच्या अंगावर टाकू."

त्याने दुपट्टा आणखी घट्ट धरला.

"वला होईन, माय," तो म्हणाला. "बाबानं भिजवू नको म्हून सांगतलं."