राखेतलं माप

माझा थोरला भाऊ दत्तराव याची उजवी टाच दुखायला लागली ती दसऱ्याच्या सुमाराला, आणि त्या टाचेचा एवढा बोभाटा झाला की गावातली दोन बाळंतपणं आणि एक मयत त्यात झाकून गेली. साल निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे शेहेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीस. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकलं की दादा भिंत धरून उभा राही आणि घरातल्या एकेकाला नावानं हाका मारी. मग कस्तुरावहिनीनं वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि त्यावर ही स्वारी टाच शेकत बसायची. दहावीस पावलं चालला की ठणका कमी होई. कमी झालेला ठणका मात्र तो कुणाला सांगत नसे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. नवरा तापात गेला आणि मी भावाच्या घरी परत आले. दोन विहिरी, चार बैलजोड्या आणि स्वतःबद्दल फार मोठं मत, एवढी दादाची इस्टेट होती. तिच्या सावलीत मी जेवत होते, त्यामुळे बोलायची मुभा नव्हती. पाहायला कुणी अडवलं नव्हतं.

दादाचे व्याही माणिकराव मानवतला कापसाची आडत चालवत. त्यांना फिरायची हौस. संक्रांत सरली की औरंगाबाद, दौलताबादचा किल्ला आणि वेरूळ असा आठ दिवसांचा बेत त्यांनी केला आणि आम्हालाही बोलावलं. टाचेचं त्यांच्या कानावर गेलं होतंच. ते आपुलकीनंच म्हणाले, "दत्तराव, किल्ला लय चढाचा हाय. तुमी खाली सावलीला बसा, आमी वर जाऊन येतो."

एवढं पुरलं. चार माणसांदेखत दादा म्हणाला, "किल्ल्याच्या माथ्यावर तोफ हाय म्हनं. तिला हात लावल्याबिगर दत्तराव खाली उतरत न्हाई." मुलीच्या सासऱ्यासमोर बोललेला शब्द. आता टाच राहो की जावो, तोफेला हात लागणं भाग होतं. आमच्या घरात मग दुसरा विषय उरला नाही. या पायाला किल्ला चढवील असं पायताण हवं होतं.

गावचा चांभार धोंडीबा याला बोलावणं गेलं. बोलणं कमी, काम चोख, असा माणूस. तो अंगणाच्या कडेला, त्याच्यासाठी ठरलेल्या जागी उकिडवा बसला. दादा ओसरीवर लोडाला टेकून.

"मालक, टाच मधी दुखायलीय का कडंला?"

"टाच म्हंजे टाच. सगळी दुखायलीय."

"तसं न्हाई व्हत. अंगठ्यानं दाबून बघितलं की ठनका कुठं हाय ते सापडतंय. तेवढी जागा तळात मऊ ठिवायची. पाय जरा हातात दिला तर..."

दादानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं जणू पाय नव्हे, विहिरीकडचं शेत मागितलं. "तुझ्या हातात? पाय?"

मला तेव्हाही चीड आली होती आणि आता लिहितानाही येते. ज्या कातड्याचा जोडा हा दिवसभर मिरवायचा, ते धोंडीबानं आपल्या हातांनी कमावलेलं, कापलेलं, दातांत दोरा धरून शिवलेलं असे. ते कातडं चाले. फक्त ज्या हातानं ते केलं, तो हात चालत नसे. असल्या सोवळ्याला काय म्हणावं ते मला कधी कळलं नाही. वेडेपणा म्हणावं तर वेडा माणूस स्वतःचं एवढं नुकसान करून घेत नाही.

आमच्या घरची माप द्यायची रीत ठरलेली होती. चुलीतली राख चाळून अंगणात पसरायची, मालकानं तीत पाय उमटवायचा आणि बाजूला व्हायचं. मग चांभारानं पुढं येऊन कडब्याच्या काडीनं लांबीरुंदी मोजून घ्यायची. मी राख पसरली. दादा ओसरीवरून उतरला, धोतर सावरलं आणि पाय ठेवला. पण टाच दुखत होती ना. भार सगळा चवड्यावर आणि टाच अलगद, राखेला जेमतेम लागली न लागली अशी.

धोंडीबा ठशावर वाकला. बोटं खोल उतरली होती आणि टाचेच्या जागी एवढासा पुसट डाग. "मालक, टाच टेकली न्हाई."

"टेकली की."

"पुन्यांदा एकडाव..."

"दत्तरावाचं माप दोनदा घेत नसतेत," दादा म्हणाला आणि लंगडत वर गेला. टाच दुखते म्हणून पायताण करायला घेतलं आणि मापात टाचच नव्हती.

धोंडीबानं आपल्या अदमासानं जोडा केला. दिसायला देखणा, टाचेला आवळ. दादानं तो पायात घातला, चार पावलं टाकली आणि धोंडीबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुरुस्त करून घ्यायचा तर पुन्हा मापाचा प्रश्न. मग त्यानं मोठ्या घरांतला जुना तोडगा काढला. नवा जोडा आधी सालगड्यानं वापरायचा, त्याच्या पायानं मऊ करायचा आणि मग मालकानं घालायचा. आमचा सालगडी आश्रुबा. धनगराघरचा, उन्हाळे-हिवाळे अनवाणी मेंढरांमागं हिंडून त्याचे पाय सुपाएवढे पसरलेले. अंगणात मालकासमोर त्यानं जोडा घालायचा नाही, हातात धरून न्यायचा, शेतात गेल्यावर चढवायचा आणि येताना पुन्हा हातात. महिनाभर हा सोहळा चालला.

महिन्यानं जोडा मऊ झाला खरा. कातडं ज्याच्या पायावर दिवस काढतं त्याचंच होतं, आणि हे कातडं आश्रुबाचं झालं होतं. दादाच्या पायात तो फदक फदक वाजू लागला. त्यात कापूस कोंबून दादा म्हणाला, "आता कसं मोकळं मोकळं वाटायलंय." त्या महिनाभरात आश्रुबाच्या तळव्यांना पहिल्यांदाच काटा लागला नव्हता, आणि आता पुन्हा लागणार होता.

कस्तुरावहिनीची म्हैस व्यायला आली होती म्हणून ती राहिली आणि तिच्याऐवजी मी निघाले. सामान उचलायला आश्रुबा, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. मानवत रोड स्टेशनवर आगगाडीत बसलो. माणिकरावांच्या पायात इंग्रजी बूट होते. ते दादाच्या पायाकडं बघत आणि बघितलं नाही असं दाखवत. औरंगाबादेत पहिल्या दिवशी मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली. दादाच्या जोड्यातला कापूस सरकून चवड्याशी जमला आणि टाच उघड्या तळावर आपटत राहिली. रात्री तो पाय धरून बसला होता. मी शेकायला गेले तर म्हणाला, "कायबी झालं न्हाई मला."

तिसऱ्या दिवशी दौलताबाद. पहिला दरवाजा, दुसरा दरवाजा, मग तो उंच मिनार आणि जवळची जुनी मशीद. तिथवर दादा ओठ दाबून चालला. मिनारापुढं मात्र त्याची टाच टेकेना. माणिकराव आणि त्यांची माणसं पुढं गेली होती. त्यांनी वळून विचारलं, "दत्तराव, बसता का मंग?"

"तुमी व्हा म्होरं," दादा म्हणाला. "मला ही मशीद बघायचीय निवांत."

ते दिसेनासे झाले तसा तो दगडावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला त्याची दया आली, हे कबूल केलं पाहिजे. फार वेळ टिकली नाही.

वाटेच्या कडेला लिंबाखाली एक म्हातारा चांभार बसला होता. किल्ला बघायला येणाऱ्यांच्या वहाणांचे तुटके अंगठे शिवायचा त्याचा धंदा. त्यानं दुरूनच सगळं पाहिलं होतं. उठून आला, समोर बसला आणि साधेपणानं म्हणाला, "आना मालक, पाय आना हिकडं."

दादानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. फक्त मी आणि आश्रुबा, म्हणजे कुणीच नाही. आणि दादानं पाय दिला.

म्हाताऱ्यानं तो मांडीवर घेतला, टाच तळहातात धरली आणि अंगठा फिरवत नेला. मध्यभागाच्या थोडं आत, घोट्याच्या बाजूला अंगठा थांबला तसा दादा कळवळला. "ही बगा जागा," म्हातारा म्हणाला. "बाकी सगळा पाय झकास हाय." रापीच्या पात्यानं त्यानं जोड्याच्या आतला थर उचलला, बरोबर तेवढ्या जागी एक गोल खळगी कापली आणि आश्रुबाकडं पाहिलं. आश्रुबानं न विचारता घोंगडीचा कोपरा फाडून दिला. त्याच्या तीन घड्या खळगीत बसवून म्हाताऱ्यानं थर पुन्हा शिवला, बाजूनं एक पट्टी ओढून जोडा पायाला घट्ट केला आणि अधूनमधून पाय हातात घेऊन बसवून पाहिला. तीन महिने गावाला जे जमलं नाही ते एवढ्याशा वेळात झालं.

दादा उभा राहिला. टाच टेकली. पुन्हा टेकली. मग माझ्याकडं वळून, खालच्या आवाजात म्हणाला, "मनकर्णे, घरी काई बोलू नको." म्हाताऱ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्या दिवशी दादा किल्ला चढला. अंधारी म्हणतात तो काळोखा बोगदा ओलांडला, पायऱ्या चढला आणि माथ्यावर माणिकरावांच्या देखत तोफेवर थाप मारली. माणिकराव मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "वा दत्तराव, पायतान झकास दिसतंय तुमचं." दादा म्हणाला, "पायतानाचं काय, पायात जोर पायजे." मागं आश्रुबा फाटक्या घोंगडीत कुडकुडत उभा होता. दुसऱ्या दिवशी वेरूळच्या तीर्थावर दादानं भल्या पहाटे स्नान केलं आणि उजवा पाय तेवढा तीन वेळा घासला. जोडा मात्र टाकला नाही. तो कोरडा राहावा म्हणून उंच दगडावर ठेवला होता.

वर्षभर ती घोंगडीची घडी टिकली. वर्षभर घरात वीट तापली नाही. कस्तुरावहिनी वेरूळच्या देवाची कृपा म्हणून सोमवार धरू लागली आणि दादानं तिला धरू दिले. मग लोकर दबून विरली, ठणका परत आला. दादानं धोंडीबाला बोलावलं आणि जोडा त्याच्यापुढं टाकला. "अस्साच दुसरा कर. मापात तसूभर फरक नको."

अंगणात त्या दिवशी पाच-सहा माणसं होती. धोंडीबानं जोडा उलटापालटा केला, आत बोट घालून खळगी चाचपली. मग म्हणाला, "मालक, जोडा माझाच, पर ही खळगी पाय हातात घिऊन पाडलीय."

माणसांनी दादाच्या पायाकडं पाहिलं.

"औरंगाबादला दुकानात धाडून नीट करून घेतला," दादा म्हणाला.

"दुकानातल्याला तुमच्या ठनक्याची जागा कशी कळंल? दाबून बघितल्याबिगर ही खळगी पडत न्हाई." आवाजात काही चढ नव्हता. कामाचं बोलावं तसं तो बोलत होता. "तिथं दिला तसा हितं द्या. सांजंपतुर करून देतो."

आज वाटतं, दादाची सुटका तिथंच होती, एका हाताच्या अंतरावर. पाय पुढं करायचा होता, एवढंच. त्यानं तो धोतराखाली ओढून घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. "मनकर्णेला इचार. ही व्हती संगं. दुकानातनंच करून घेतला ना गं?"

धोंडीबानंही माझ्याकडं पाहिलं. गोठ्याच्या दारात आश्रुबा उभा होता, खांद्यावर तीच कोपरा फाटलेली घोंगडी.

"हो," मी म्हणाले. "दुकानातनं."

धोंडीबानं जोडा उचलला, त्यावरची माती हातानं पुसली आणि ओसरीच्या पायरीशी नीट जुळवून ठेवला. "मंग मला न्हाई जमायचं मालक," म्हणाला आणि गेला.

दादा त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि नऊ वर्षं लंगडला. रोज पहाटे वीट तापायची. वहिनी थकल्यावर ती मी तापवू लागले, रुईची पानं मी आणू लागले. तो दरवेळी ओरडायचा, "मनकर्णे, चटका बसायलाय." मी वीट तशीच ठेवत असे. त्याला नावं ठेवायला मी एवढा कागद खर्च केला, पण त्या दिवशी अंगणात पाय ओढून घेणारा तो एकटाच नव्हता.