टाचेतला थेंब

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या शाळेत कोणीही सांगेल. खडकीला मी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवते आणि ग्रंथींचा धडा माझ्या हातखंड्याचा. गळ्यातली थायरॉईड म्हणजे कारखान्यातला मुकादम, मी दरवर्षी सांगते. तो झोपला की सगळे कामगार झोपतात. वर्गातली निम्मी पोरं कारखान्याच्या क्वार्टर्समधली, त्यांना लगेच कळतं.

एवढं येतं म्हटल्यावर घरात माझ्यापुढे कोण बोलणार? भावजय तर नाहीच. ती बारावी नापास.

तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी निघताना नर्सबाई एक कागद घेऊन आल्या. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईड तपासायची होती. "सगळ्याच बाळांची करतो," म्हणाल्या. आई घाबरली, एवढ्याशा जिवाला सुई कशाला टोचायची? भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अहो, आमच्या घराण्यात थायरॉईड कोणालाच नाही. उगाच पोरीला कशाला छळता?" भावानं नकाराची सही केली. पेन मी दिलं.

पोर फार शांत होती. रडायचीच नाही, आणि रडली तरी आवाज घोगरा. आई कौतुकानं म्हणायची, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, किती गुणाची आहे बघा! भावजय मात्र रोज माझ्यामागे. "ताई, ही दूध ओढतच नाही हो. अंग गार लागतं. डोळ्यांतला पिवळेपणाही जात नाहीये. दवाखान्यात नेऊ या ना."

"सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो," आई म्हणाली. मी एरवी कुठलंच सोवळंओवळं मानत नाही. पण बारावी नापास बाई मला शरीरशास्त्र शिकवणार, हे मला सोसेना. म्हटलं, "रडकं मूल हवं होतं का तुला? सांग, बदलून आणू." भाऊ खो खो हसला. ती पोरीला घेऊन आत गेली. मला त्या वेळी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सव्वा महिना झाला तेव्हा आईला सर्दी-तापाची साथ आठवली आणि मी मान डोलावली. लस द्यायला नेलं तेव्हा पोर तीन महिन्यांची झाली होती. डॉक्टरांनी तिची सुजरी जीभ बघितली, फुगलेली बेंबी दाबून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड जवळजवळ नव्हतीच. जन्मल्यापासून नव्हती. हार्मोनची गोळी चुरून चमच्यातून द्यायची, आता आयुष्यभर. "उंची वाढेल," डॉक्टर म्हणाले, "पण मेंदूला हे हार्मोन पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हवं असतं. तेव्हा सुरू केली असती तर ही चारचौघींसारखी शाळेत गेली असती." हे सगळं मला माहीत होतं. फळ्यावर लिहून देते मी, ठळक अक्षरात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माफी मागितली नाही मी. घरी येताना रिक्षात भावजयीला म्हटलं, "आता रडून काय उपयोग?"

आज पोर सात वर्षांची आहे. डावी चप्पल उजव्या पायात घालते आणि चालायला लागली की पडते. मला "आत्त्या" म्हणायला ती पाचव्या वर्षी शिकली. मी घरी आले की धावत येऊन बिलगते, आणि मला ते सहन होत नाही.

गेल्या महिन्यात तिला विशेष मुलांच्या शाळेत घालायचं ठरलं. भावाची कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून फॉर्म भरायला मी बरोबर गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई फाईल चाळताना एका पानाशी थांबल्या.

"ही तपासणी तुम्ही नाकारली होती?" त्यांनी चष्मा काढला. "अहो, एवढी साधी गोष्ट! घरात कोणी शिकलेलं माणूस नव्हतं का?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. भावजय पोरीच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नव्हतं, मॅडम."